तिसरं लिंबू

दसऱ्याच्या सकाळी ओंगार उपनगरातल्या आपल्या घराच्या गॅरेजमध्ये, गाडी आणि भिंतीच्या मधे उभं राहून नरेश पूजा करत होता. गाडी शंभर वर्षांची, अमेरिकन कंपनीची, पण जन्म इथल्याच कॉर्क शहरातल्या कारखान्यातला. कारखान्याला टाळं लागून चाळीस वर्षं झाली, ही मात्र अजून चालत होती.

विकणाऱ्या म्हाताऱ्याने बजावलं होतं, "हिच्यासमोर कधी उभं राहू नकोस."

नरेशने चाकाखाली लिंबू ठेवलं आणि कुंकवाकडे हात नेला.

पच्च!

लिंबू चिरडलं होतं. इंजिन थंडगार होतं.

"सुलेखा, चावी कुठंय?"

"माझ्याकडे," दारातून बायको म्हणाली. "तू आधी बाहेर ये."

"ही थेरडी मला घाबरवणार?" त्याने दुसरं ठेवलं.

पच्च!

तिसरं लिंबू मुठीतच राहिलं. पाठ भिंतीला टेकली होती आणि वाकायला जागाच उरली नव्हती.