दोन वेढ्यांची गाठ

एलित्साच्या मनगटावरच्या लाल-पांढऱ्या दोऱ्याची गाठ साधी नव्हती. आधी दोरा दोनदा गुंडाळलेला, मग उलट दिशेने एकदा. ओढली की आणखी घट्ट बसणारी.

शाळेच्या डॉक्टर झॉर्नित्साने तिचा हात अलगद खाली ठेवला.

"मार्चच्या सुरुवातीला बांधलेली मार्तेनित्सा अजून हातात? मे निम्मा सरला. चेरीला मोहोर आला तेव्हाच सगळ्यांनी दोरे काढून फांद्यांना बांधले की."

"ही नाही काढायची," नऊ वर्षांची एलित्सा म्हणाली. "आपोआप तुटेपर्यंत गुपित सांगायचं नसतं."

"असं कुणी सांगितलं?"

एलित्साने तो हात मागे लपवला. दुसरा हात पोटावरच होता.

"राहू दे. पण तू काहीही चुकीचं केलेलं नाहीस. मोठ्या माणसाने लपवायला लावलेलं गुपित पाळायचं नसतं."

एलित्साने दाराकडे पाहिलं. "ते दार आतून लावून घेतात. हे सांगितलं तरी चालेल?"

"चालेल. मी ऐकतेय."

पुढचं तिने चार वाक्यांत सांगितलं. झॉर्नित्साने ती लिहून घेतली.

एलित्साला नर्सजवळ बसवून तिने वर्गशिक्षिका रादोस्तिनाला बोलावलं आणि नोंदवही पुढे सरकवली. पोटदुखी. पाच वेळा, पाचही गुरुवार.

"मी म्हटलंच होतं," रादोस्तिना पुटपुटली. "तो सावत्र बाप, कामेन. डॅन्यूब नदीकाठी मासेमारीची जाळी विणतो, गाठी मारण्यात हातखंडा. गुरुवारी आईची दुपारपाळी. घरी हा एकटा."

"कधी म्हणालात?"

"मनात म्हटलं हो. दुसऱ्याच्या घरात नाक कसं खुपसायचं?"

दार किलकिलं झालं. बगलेत बुद्धिबळाचा पट धरून म्हातारे ल्युबेन उभे होते.

"झोरे, माझी गुरुवारची पोरं कुठे गेली?"

"आज सगळ्यांना सुट्टी दिलीय, बाबा. तुम्ही घरी जा."

"मला तर कुणी काही सांगतच नाही," असं कुरकुरत ते गेले.

"किती जीव लावतात तुमचे बाबा मुलांना!" रादोस्तिना म्हणाली. "नाहीतर तुम्ही, डॉक्टर. एक मार्चला साधा दोराही बांधून घेत नाही कुणाकडून."

"खाज सुटते मला."

झॉर्नित्साने पावलं जिन्यावरून खाली जाईपर्यंत वाट पाहिली. मग बालसंरक्षण कार्यालयाला फोन लावला. मुलीचं नाव सांगितलं, वय सांगितलं, चारही वाक्यं जशीच्या तशी सांगितली.

"संशय कुणावर?" पलीकडच्या बाईंनी विचारलं. "घरातलं कुणी?"

"कामेन म्हणा," रादोस्तिना कुजबुजली.

"तिच्या घरातलं नाही. ल्युबेन दोब्रेव्ह. वय चौऱ्याहत्तर. शाळेत बुद्धिबळ शिकवतात."

रादोस्तिनाचा हात नोंदवहीवर तसाच राहिला.

"मुलीने नाव घेतलं?"

"नाही. मनगटावरची गाठ त्यांची आहे."

"गाठीवरून कसं ओळखलंत, डॉक्टर?"

झॉर्नित्साने डाव्या मनगटावर अंगठा दाबून धरला.

"पहिली तक्रार माझी लिहा. मी तेव्हा आठ वर्षांची होते."