उंदराचा अहवाल

माणसाचं दुःख अचूक मोजण्याचं शास्त्र अखेर माणसाला सापडलं होतं. सरकारी दवाखान्यात दर गुरुवारी अकरा ते एक या वेळेत दुःख मोजून मिळे.

शिक्षिका वैजयंती खानोलकर नैराश्याच्या गोळ्या मागायला आल्या होत्या. नियमाप्रमाणे त्यांच्या पेशींपासून घडवलेल्या उंदराला सहा महिने त्यांच्याइतकाच ताण देण्यात आला होता. तिरका पिंजरा, ओला भुसा, अवेळी लावलेले दिवे. उंदीर खचला तरच बाईंना गोळ्या.

"अभिनंदन, बाई!" डॉ. पेठकर म्हणाले. "तुमचा उंदीर साखरेचं पाणी मिटक्या मारत पितो. पाण्यात सोडला की शेवटपर्यंत पोहतो. ठणठणीत आहात तुम्ही."

"अहो, मला चार महिने धड झोप नाही. परवा वर्गात फळ्याकडे तोंड करून रडले."

"ते तुम्ही सांगताय. उंदराचं आम्ही मोजलंय."

"ताण माझ्याइतकाच दिलात ना?"

"तंतोतंत! मिनिटाचा फरक नाही."

"रविवारी मला घरोघरी सर्वेक्षणाला धाडतात. तेव्हा तो काय करतो?"

डॉक्टरांनी नोंदवही चाळली आणि अर्जावर नामंजुरीचा शिक्का मारला.

"झोपतो," ते म्हणाले. "रविवारी आमच्याकडे सुट्टी असते."