लोह्याचं गिऱ्हाईक

सिद्धलिंग मिस्त्रीनं गाडीच्या एसीचं बटण दाबलं. पंखा घुमला, गरम वारा तोंडावर आला. पण बॉनेटखालून जो ‘टक्’ आवाज यायला हवा होता, तो काही आला नाही.

“कॉम्प्रेसर उचलून न्हाई राहिला, सर.”

बापूसाहेबांनी रुमालानं मान पुसली. “लोह्याहून गिऱ्हाईक निघालंय. अर्जुनराव नावाचं. एसी चालला तरच गाडी नेतो म्हणाला.”

याआधीची दोन गिऱ्हाइकं याच एसीनं पळवली होती. गंमत म्हणजे गाडी गॅरेजात आली की एसी अगदी शहाण्यासारखा वागायचा, आणि घरच्या अंगणात गिऱ्हाईक आलं की रुसायचा. सिद्धलिंगचं डोकंच चालेनासं झालं होतं. अर्जुनराव मात्र पक्का माणूस. सौदा अहमदपूरला, गॅरेजातच, मिस्त्रीसमोर होईल, असं त्यानं बजावलं होतं.

गाडी कागदावर बापूसाहेबांची, पण खरी त्यांच्या मुलाची, अंबरीशची. उन्हाळ्यात वीज गेली की तो एसी लावून गाडीतच अभ्यासाला बसायचा आणि त्याची आई, सौदामिनीकाकू, मागच्या सीटवर शेंगा फोडत त्याला सोबत करायच्या. दीड वर्षापूर्वी डेंग्यूनं तो गेला. एकुलतं एक पोर गेलं. तेव्हापासून काकू गाडीकडे बघतसुद्धा नव्हत्या. आत्ताही त्या गाडीकडे पाठ करून स्टुलावर बसल्या होत्या.

अंबरीश ताडमाड उंच, बापूसाहेब ठेंगणे. तरी ड्रायव्हरची सीट अजून पार मागेच होती. पाठीशी उशी घेऊन, काठावर बसून ते गाडी चालवायचे.

“सर, शीट पुढं घेऊ का? एक खटका तर दाबायचा.”

“असू दे. आता विकायचीच आहे.”

सिद्धलिंगनं गॅस तपासला. भरपूर होता. मग बॅटरीवरून थेट वायर कॉम्प्रेसरला लावली. टक्!

“कॉम्प्रेसर ठणठणीत हाय सर. दोष वायरिंगमधी हाय. फ्यूज बघतो.”

“फ्यूज मी सकाळीच बघितलाय,” बापूसाहेब म्हणाले. “तू पुढचं बघ. मी अर्जुनरावाला फोन लावून येतो.”

त्यांनीच सिद्धलिंगला शाळेत विज्ञान शिकवलं होतं. त्यांचा शब्द तपासून बघायचं त्याच्या मनातही आलं नाही. ते रस्त्याकडे गेले आणि त्यानं बॉनेटखालच्या रिलेच्या डबीचं झाकण काढलं. एसीच्या रिलेची जागा रिकामी होती.

“हितला रिले कुणी काढला?” म्हणत तो काकूंकडे वळला. काकूंनी हळूच मूठ उघडली. तळहातावर काडेपेटीहून लहान काळा ठोकळा होता.

“मागं तूच दाखवला होतास ना, हा गेला की एसी बंद म्हणून?”

“दोन्ही बारीला तुम्हीच काढला होता?”

“हाव. गिऱ्हाईक गेलं की परत लावायची.” काकूंचे डोळे भरून आले. “ही गाडी गेली तर माझं लेकरू दुसऱ्यांदा जाईल रे. पण ह्यांना कोणत्या तोंडानं सांगू? एकदाची विकून मोकळं होऊ म्हणतेत.”

अंबरीश सिद्धलिंगच्याच वर्गातला. “काकू, ठेवा तुमच्यापाशीच. दोष सापडला न्हाई म्हणून सांगतो मी सरांना.”

काकूंनी रिले त्याच्या हातावर ठेवला.

“नको. लाव. रात्र रात्र त्या गाडीभोवती फिरून राहिलेत ते. त्यांना तरी सुटू दे.”

त्यानं रिले बसवला. तेवढ्यात बाहेर मोटारसायकल थांबली आणि बापूसाहेब अर्जुनरावाला घेऊन आत आले. काकूंनी तोंडाला पदर लावला आणि पुन्हा पाठ फिरवली.

“लावा बघू,” अर्जुनराव म्हणाला.

सिद्धलिंगनं जड मनानं बटण दाबलं. पंखा घुमला, गरम वारा आला. ‘टक्’ आलाच नाही.

तो चक्रावला. आता काय उरलं? फ्यूज. स्टेअरिंगखालची फ्यूजची डबी उघडायला तो वाकला, तसे बापूसाहेबही दारातून आत वाकले आणि त्यांनी त्याचं मनगट धरलं. त्यांच्या दुसऱ्या हाताच्या घामेजलेल्या तळव्यावर छोटासा लाल फ्यूज होता.

“उघडू नको, सिद्धू,” ते त्याच्या कानाशी पुटपुटले. “आणि काकूला कळू देऊ नको. तिला ही गाडी डोळ्यांसमोर नको आहे.”