मागच्या सीटवरची

"नाव सांगा, ताई," हवालदार भिमाजी मागच्या खिडकीशी वाकून म्हणाले.

"गाडी मी चालवत नाही," आतली मुलगी म्हणाली. "माझं नाव तुम्हाला कशाला पाहिजे?"

डिंभ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर सकाळपासून नाकाबंदी होती. कालव्याकाठच्या पाण्याच्या मोटारी चोरीला जात होत्या. येणाऱ्या-जाणाऱ्या गाडीतल्या प्रत्येकाला नाव-गाव विचारायचं, असा वरून हुकूम होता. बहुतेक लोक नाव सांगत, गाव सांगत, वर धरणात पाणी कुठवर आलंय तेही सांगत. अडून बसलेली ही पहिलीच.

गाडी पिंपळवंडीची होती. चालवणाऱ्या ऋषीचं लायसन आणि गाडीचे कागद चोख होते. शेजारी त्याचे वडील रामनाथ, पांढरी टोपी, पांढरा शर्ट. मागं ही मुलगी आणि तिला खेटून बसलेली आत्या. आत्यानं तिचा हात आपल्या हातात धरून ठेवला होता.

रामनाथ खाली उतरून आले. "माझी पोरगी साहेब, आरती. पुण्याला वकिलीचं शिकती, म्हनून आसं बोलती. राग मानू नका."

"पप्पा, तुम्ही बोलू नका," मुलगी म्हणाली. मग भिमाजींकडे वळली. "ड्रायव्हरचं लायसन बघा, मी काही म्हणत नाही. पण मागं बसलेल्या माणसानं ओळखपत्र दाखवलंच पाहिजे, असं कुठल्या कायद्यात लिहिलंय ते मला दाखवा."

भिमाजींनी नोकरीत असे बरेच पाहिले होते. हेल्मेट नसलेला माणूस सगळ्यात जास्त कायदा बोलतो, हा त्यांचा अनुभव.

"नाव इचारलंय ताई, जमीन न्हाई मागितली," ते म्हणाले.

मागं दूधवाल्याचा टेम्पो येऊन थांबला. त्याच्या मागं दोन मोटारसायकली. रामनाथांनी खिशातून एक कार्ड काढून पुढं केलं. "हे घ्या साहेब, तिचं आधार. माझ्याकडंच आसतंय."

भिमाजींनी फोटो पाहिला, मग चेहरा पाहिला. तेच रुंद कपाळ, हनुवटीवर तोच तीळ. आरती रामनाथ काकडे.

"झालं की मग. जावा तुमी."

ऋषीनं गाडी चालू केली.

"ते कार्ड माझं नाही," मुलगी म्हणाली.

भिमाजींनी बोनेटवर हात ठेवला. गाडी बंद झाली.

"फोटू तुमचा हाय ना?"

"मी काही सांगणार नाही. आधी तुमचं ओळखपत्र दाखवा. वर्दी काय, कुणीही शिवून घेतं."

टेम्पोवाला हसला. भिमाजींचे कान तापले. त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात रामनाथ मध्ये आले आणि त्यांनी हात जोडले. डोळ्यांत पाणी होतं, आणि ते काही दाखवायला आणलेलं वाटत नव्हतं.

"साहेब, एकच लेक हाय. म्याच लाडावून ठेवली. डिंभ्याला माझी म्हातारी मावशी आजारी हाय, वाट बघतीय. तिला बघून येतो. तुमच्या पाया पडतो, पन एवढ्या बारीला जाऊ द्या."

भिमाजींना याच वयाची मुलगी होती. तीही बापाला चार माणसांत असंच बोलायची. त्यांनी श्वास सोडला आणि कार्ड परत केलं.

"लेकीला जरा सांभाळून बोलायला शिकवा, पावणं. निघा."

रामनाथ घाईनं पुढच्या सीटवर बसले. गाडी हलली, आणि तेवढ्यात मुलीनं आत्याच्या हातातून हात सोडवला, खिडकीतून बाहेर काढला आणि भिमाजींच्या डोक्यावरची टोपी जोरात उडवली. टोपी घरंगळत रस्त्याकडेच्या चारीतल्या चिखलात गेली.

टेम्पोवालाही हसला नाही.

"रुपाली!" भिमाजी ओरडले. "उतरवा हिला! सरकारी कामात आडथळा. घ्या ठाण्यात!"

शिपाई रुपालीनं गाडी अडवून दार उघडलं. आत्या मुलीचा दंड सोडेना. रुपालीला तिची बोटं एकेक करून काढावी लागली. इतका वेळ भांडणारी मुलगी मात्र मुकाट्यानं उतरली. तिच्या पायांत चपला नव्हत्या. ती चटके देणाऱ्या डांबरावरून भराभरा चालत जीपमध्ये जाऊन बसली.

काकड्यांची गाडी जीपच्या मागोमाग ठाण्यात आली. रामनाथ बाहेरच्या बाकावर बसले. माफी लिहून देतो, म्हणाल तशी देतो, असं ते दिसेल त्याला सांगत होते. ऋषी दारातच उभा राहिला.

रुपालीनं मुलीला आतल्या खोलीत नेलं.

"शिकलेली दिसतेस. पोलिसावर हात टाकला की काय होतं, माहीत असंल ना?"

"माहितीय. तेवढं दार लावता का?"

रुपालीनं दार लावलं. कडी बसल्याचा आवाज झाला तशी मुलगी भिंतीला टेकत खाली बसली. रुपालीनं पाण्याचा ग्लास दिला, तो तिला दोन्ही हातांनी धरावा लागला.

"आता विचारा नाव," ती म्हणाली.

"सांग."

"आरती प्रबुद्ध साळवे."

"बाहेर तर काकडे सांगतायत."

"ते माहेरचं. आम्ही मागच्या महिन्यात रजिस्टर लग्न केलं. परवा जुन्नरच्या स्टँडवरून घरच्यांनी मला उचलून आणलं, मोबाईल काढून घेतला. मला त्यांच्याबरोबर पाठवू नका."

रुपाली तिच्यासमोर खाली बसली. "अगं, मग तिथंच सांगायचं! एवढा तमाशा कशापायी केलास?"

"मागच्या नाक्यावर सांगितलं होतं," आरती म्हणाली. "पप्पा हात जोडून म्हणाले, पोरीच्या डोक्यावर परिणाम झालाय. तिथल्या साहेबांनी मला पाणी पाजलं आणि गाडी सोडून दिली."