घड्याळात सापडलेला केस

शनिवारी सकाळी बाबांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात, दुरुस्त करून दिलेलं तिसरं घड्याळ बंद पडून परत आलं. बाबांनी झाकण उघडलं, भिंगातून डोकावून चिमट्याने एक काळा केस बाहेर काढला आणि मिशीला पीळ देत निकाल दिला. उद्या मावशी येईल तेव्हा कुत्रा तिच्याबरोबर जाईल, कायमचा.

लेक कुत्र्यासाठी भांडायला उठली. दीड वर्षाचा, काळाकुट्ट, झुबकेदार अस्वल्या तिनेच बाटलीने दूध पाजून वाढवला होता. त्याने दुकानाचा उंबरा कधी ओलांडला नव्हता. पण बाबा म्हणाले, केस काय, कपड्यांवर बसूनही येतात. आईने रदबदली करून पाहिली, तीही वाया गेली. बाबांचं एकदा ठरलं की ठरलं. दर रविवारी मिशीला कलप लावायचंसुद्धा वीस वर्षांत चुकलं नव्हतं.

शिवाय महिनाभर घरात केसच केस होते, हे तिला नाकारता येईना. उशीवर केस, टॉवेलवर केस, चहातही केस. कुत्र्याला काही रोग तर जडला नाही ना, या धास्तीने तिची झोप उडाली होती. तिने अस्वल्याला उचललं आणि थेट प्राण्यांचा दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी त्याला उलटासुलटा करून कातडी नीट तपासली आणि त्या हसल्या.

"यानं दोन कोट घातलेत. वरचा राठ केसांचा, आतला लोकरीचा. ऋतू बदलला की आतला उतरवतो. पहिलीच वेळ आहे, म्हणून तुम्ही घाबरलात."

रोज विंचरायचं, कातडी लाल झाली किंवा कुठे टक्कल दिसलं तरच परत आणायचं. दोन-तीन आठवड्यांत गळती आपोआप कमी होईल. लेकीचा जीव भांड्यात पडला.

घरी येऊन तिने अस्वल्याला तासभर विंचरलं आणि निघालेली लोकर डबीत भरून बाबांच्या टेबलावर ठेवली. लोकर करडी होती, कापसासारखी मऊ.

"गळतंय ते हे, बाबा. घड्याळातला केस असाच होता?"

बाबांनी तो केस अजून कागदावर जपून ठेवला होता, पुरावा म्हणून. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं.

"राठ आहे," ते म्हणाले. "आणि बुडाशी जरासा पांढरा."

"अस्वल्याच्या अंगावर पांढरा केस औषधालाही सापडायचा नाही."

बाबांनी डोळ्यावरचं भिंग काढलं. मग कागदाची पुडी करून खिशात टाकली आणि घसा खाकरला.

"मावशीला फोन कर. ये म्हणावं, पण नुसतं जेवायला."

लेक अस्वल्याच्या गळ्यात पडून रडली. बाबा एवढे कसे विरघळले, हे काही तिला कळलं नाही.

रविवारी सकाळी बाबा न्हाणीघरातून बाहेर आले, तसा अस्वल्या घरात कुणी परका शिरल्यासारखा त्यांच्यावर भुंकत सुटला. बाबांच्या ओठावर मिशी नव्हती.