मठ मोकळा झाला

देवासच्या जुन्या मठात साधू उरले नाहीत, तेव्हा तिथे आधी शाळा भरली आणि मग रेशनचं गोदाम झालं. त्या शाळेत पूर्वी शिकवणाऱ्या कुमुदताईंना देवापुढे रचलेली पोती बघवेनात. अकरा वर्षं त्या कलेक्टर कचेरीत भांडल्या, गोदामवाल्यांच्या शिव्या खाल्ल्या आणि शेवटी मठ मोकळा करून घेतला.

उद्घाटनाला त्या ठेवणीतलं लुगडं नेसून सगळ्यांच्या आधी पोचल्या. दारातल्या स्वयंसेवकाने हात आडवा घातला.

"ताई, आत महिलांना मनाई आहे. तुम्ही बाहेरूनच दर्शन घ्या."

"कुणी ठरवलं हे?"

"नव्या महाराजांनी. मठाचा नियम आहे, अब बहस मत करो."

ताईंनी दारातच, उंबरठ्यावर फतकल मारली. "मग ऐक भिया, ज्याला आत जायचंय, त्याने मला ओलांडून जावं!"

बाईला स्पर्श करणंही नियमात बसत नव्हतं. तासभर आरडाओरडा झाला, महाराजांची गाडी आली, पण ताईंना उठवायला कुणी पुढे होईना.



त्या दिवशी महाराजांनीही बाहेरूनच दर्शन घेतलं.