तात्या आज कुठं गेले?

"जोखमीची सूचना संपली. पुढे जायचे असल्यास हो म्हणा," नवा आवाज म्हणाला, आणि वैजयंतीने तपासणीच्या यादीत शेवटची खूण केली. सोमवारपासून नियम लागू होणार होता: मृत माणसाच्या आवाजात गुंतवणुकीचा सल्ला द्यायचा नाही. सांगलीच्या उपळेकर इन्व्हेस्टमेंट्समधल्या सल्लागार यंत्राला संस्थापक तात्या उपळेकरांचा आवाज होता. तो तिनेच सकाळी पुसला होता. तात्या गेल्यावरही नऊ वर्षं तो आवाज रोज तिला विचारायचा, "वैजू, चहा झाला का?" गिऱ्हाइकांना मात्र आधी खाकरून त्याचा एकच प्रश्न असे, "घरी विचारलंत का?" ते विचारल्याशिवाय तात्यांनी हयातीत कुणासाठी एकही शेअर घेतला नव्हता.

तेवढ्यात मिरजेच्या शकुंतलाबाई आवटींचा फोन आला. नव्या आवाजाने सूचना सुरू करताच त्या कडाडल्या, "तात्यांना दे आधी!"

वैजयंतीने फोन स्वतःकडे घेतला. "मावशी, तात्यांना जाऊन नऊ वर्षं झाली."

"ठाऊक आहे गं मला. दहाव्याला आले होते मी. पण आज कुठं गेले?"

तिने पडद्यावर त्यांची मागणी उघडली. बाईंना सगळी ठेव मोडून एका नव्या कंपनीचे शेअर घ्यायचे होते. नियमाप्रमाणे त्यांच्याकडून फक्त हो म्हणवून घ्यायचं होतं.

वैजयंती खाकरली. "घरी विचारलंत का?"



"हां," शकुंतलाबाई म्हणाल्या, "म्हणजे आहेत तिथंच."